सातबारा कोरा झाल्यावर

आमच्या गावाच्या स्टँडवर चहाची एक टपरी आहे. सकाळी सात ते नऊ तिथं तुरीच्या भावापासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत सगळं निकालात निघतं. परवा बोलणं कसं कोण जाणे धर्मावर आलं आणि माझा चौथीपासूनचा वर्गमित्र माझ्याकडे बोट करून म्हणाला, "तुमच्यात बरं हाय गुर्जी. जिंदगीभर पापं करा, एक दिवस चर्चमधी जाऊन माफी मांगा, झाले मोकये! आमच्याले तं सात जन्म फेडा लागते."

सगळे हसले. मीही हसलो. बाकाच्या टोकाला बसलेला एक माणूसही हसला, त्याच्याबद्दल पुढं सांगतो. सगळ्यांच्या चहाचे पैसे मित्रानंच दिले, त्यामुळे वाद घालायला तोंड नव्हतं.

पण प्रश्न खोटा नाही. लहानपणापासून तो ऐकत आलोय. आणि खरं सांगायचं तर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांतही, कितीतरी जणांची समजूत थेट अशीच आहे, फक्त ते ती भक्तिभावानं सांगतात. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, तिसऱ्या पिढीतला ख्रिस्ती. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना अपूर्णांक आणि सरळव्याज शिकवत निवृत्त झालो. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. आमच्या यवतमाळात १९५३ साली पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, पण तिच्या फाटकातून मी कधी विद्यार्थी म्हणून आत गेलो नाही. तेव्हा हे समजावणं फळ्यावरच्या हिशेबासारखंच होईल, आणि विषयही निघतो हिशेबाचाच.

मराठीत आपण वाईट वागणाऱ्याला म्हणतो, "कुठं फेडशील हे पाप?" नीट ऐका, पाप *फेडायचं* असतं. म्हणजे आपल्या भाषेला पाप हे कर्ज वाटतं. येशू ज्या आरामी भाषेत बोलत, तिच्यातही असंच होतं. 'होबा' हा एकच शब्द कर्जालाही चालायचा आणि पापालाही. म्हणून त्यांनी शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानात, 'आमची ऋणे आम्हांस सोड' असं मागणं आहे. आम्ही ते दर रविवारी म्हणतो. मागच्या बाकावर बसलेल्या कास्तकाराच्या मनात ते म्हणताना सोसायटीचं कर्ज येत असेल, तर त्यात त्याचं काही चुकत नाही. येशूंचे पहिले श्रोते कर्जात बुडालेलेच लोक होते.

ख्रिस्ती दया समजून घ्यायला विदर्भाइतकी चांगली शाळा दुसरी नसेल, असं मला कधीकधी वाटतं. कर्जमाफी म्हणजे काय हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही.

येशूंची एक गोष्ट आहे. राजा हिशेब घ्यायला बसतो. एक चाकर समोर आणला जातो, त्याच्याकडे दहा हजार टॅलंट येणं आहे. हा आकडा वाचताना लोक पुढं निघून जातात, पण गणिताच्या मास्तरला तसं जमत नाही. एक टॅलंट म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे कर्ज झालं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. तीनशे रुपये रोज धरला तर अठराशे कोटी रुपये. वर्षाला तीनशे दिवस काम केलं आणि एक पैसा खाल्ला नाही, तरी फेडायला दोन लाख वर्षं लागतील. थोडक्यात, हे न फिटणारं कर्ज आहे. सात जन्मांतही नाही.

चाकर काय मागतो ते बघा. तो माफी मागतच नाही. "मला सांभाळून घ्या, सगळं फेडतो," म्हणतो. आपल्या भाषेत त्याला पुनर्गठन पाहिजे, हप्ते पाडून पाहिजेत. राजाला त्याची दया येते आणि तो पुनर्गठन न करता सगळंच सोडून देतो. मग हा बाहेर पडतो, त्याला सोबतचा एक चाकर भेटतो, ज्याच्याकडे याचे शंभर दिनार आहेत. त्याच हिशेबानं तीस हजार रुपये. तोही अगदी त्याच शब्दांत मुदत मागतो. हा त्याची मानगूट धरतो आणि तुरुंगात टाकतो. राजाला कळतं, आणि राजा दिलेली माफी मागं घेतो.

गोष्टीचा शेवट कडक आहे. पाळक लोक तो बऱ्याचदा घाईनं उरकतात. पण माझ्या मित्राच्या टोमण्याचं अर्धं उत्तर तिथंच आहे: मिळालेली दया त्या माणसाच्या हातून पुढं सरकत नसेल, तर ती त्याला मिळालीच नाही असं येशू म्हणतात.

आता कर्जमाफीचा दाखला कुठं तोकडा पडतो तेही सांगायला हवं. २००८ ची केंद्राची कर्जमाफी आठवते? दोन हेक्टरपर्यंतवाल्यांना पूर्ण माफी, त्यापुढच्यांना एकरकमी भरल्यास पंचवीस टक्के सूट. आमच्याकडं कोरडवाहू जमीन. सात-आठ एकरवाला कास्तकारही पिकाच्या हिशेबानं गरीबच. पण कागदावर तो मोठा शेतकरी ठरला. शिवाय सावकाराचं कर्ज त्यात नव्हतंच. म्हणजे निकष आला, यादी आली, यादीत नाव नसलेल्यांची रडारड आली. ख्रिस्ती शिकवणीत दयेला असा निकष नाही. ना हेक्टरचा, ना जातीचा, ना पाप किती मोठं याचा. इथपर्यंत लोकांना पटतं. पुढचं पटायला जड जातं.

कर्ज माफ झालं म्हणजे ते हवेत विरत नाही. बँकेला सरकारनं पैसे भरले, सरकारनं तुमच्या-माझ्या करातून भरले. कोणाच्या तरी पदरात ते पडतंच. क्रुसाचा अर्थ ख्रिस्ती माणूस असा लावतो की इथं माफ करणाऱ्यानंच भरलं. देवानं पापाकडं डोळेझाक केली नाही. जे व्हायचं होतं ते स्वतःवर घेतलं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, पौल या ख्रिस्ती प्रचारकाचं एक छोटं पत्र आहे, फिलेमोन नावाच्या धन्याला लिहिलेलं. त्याचा अनेसिम हा दास पळून गेला होता आणि बहुधा काही घेऊनच गेला होता. पौल लिहितो, त्याचं काही देणं निघत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन. खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय असंही सांगतो, जामीनदारानं सही करावी तसं. आमच्याकडं जामीन राहून देशोधडीला लागलेली घरं आहेत. त्यांना या एका ओळीचं वजन प्रवचनावाचून कळतं.

वारकऱ्यांच्या गावात हे सांगताना मला नेहमी तुकोबा आठवतात. घरात सावकारी, पण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. नारायण वामन टिळक हे मराठीतले मोठे ख्रिस्ती कवी. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. मला वाटतं त्या पुलाचा एक खांब इंद्रायणीत बुडालेल्या त्या कागदांचा असावा. हा माझा तर्क, टिळकांचा नाही.

सालदार होऊ पाहणारा मुलगा

उधळ्या पुत्राची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना हिस्सा मागतो. खेड्यात याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको; 'तू कधी मरतोस' हे विचारायची ती सभ्य रीत आहे. बाप वाटणी करून देतो. पोरगा परमुलखात सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, आणि तो डुकरं राखायला लागतो. डुकराला अशुद्ध मानणाऱ्या यहुदी घरातला पोरगा, आणि डुकरांपुढच्या शेंगा तरी मिळाव्यात म्हणून तरसतो. मग शुद्धीवर येतो आणि घरी जाऊन काय बोलायचं ते पाठ करतो. वाक्यं तीन आहेत: बाबा, मी देवाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही. मला एखाद्या मजुरासारखं ठेवा.

तिसरं वाक्य म्हणजे सालदारीचा अर्ज. घरचा मुलगा नको, साल धरा, कष्टून फेडतो. आता मूळ गोष्टीत पुढं बघा. बाप दुरून त्याला पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळचा पांढऱ्या दाढीचा प्रतिष्ठित माणूस गावासमोर धावत नसे, आजही आपल्याकडं नाही. मुलगा बोलायला लागतो. पहिलं वाक्य होतं, दुसरं होतं, तिसरं होतच नाही. बाप त्याच्या आधीच झगा, अंगठी, वहाणा आणायला सांगतो. सालदारीचा अर्ज बापानं हातात घेतलाच नाही. ही गाळलेली ओळ मला चाळिशीनंतर दिसली, तोवर शंभरदा ती गोष्ट मुलांना सांगितली होती.

ख्रिस्ती बोलण्यात *दया* आणि *कृपा* हे दोन शब्द जोडीनं येतात, त्यांतला फरक इथं कळतो. जी शिक्षा व्हायला हवी होती ती झाली नाही, ही दया. जे मिळायला नको होतं ते मिळालं, ही कृपा. मारला नाही, ही दया. अंगठी घातली, ही कृपा.

आणि मग थोरला मुलगा. तो वावरातून येतो, घरात वाजंत्री ऐकतो, आणि उंबऱ्याबाहेरच थांबतो. "इतकी वर्षं राबलो, कधी शब्द मोडला नाही, मला एक करडू दिलं नाही, आणि या पैसे उडवणाऱ्यासाठी पोसलेलं वासरू?" हा आवाज आपण ओळखतो. नियमित कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याचा आवाज आहे तो. "आम्ही इमानदारीनं भरलं ते काय चूक केली?" २०१७ च्या राज्याच्या कर्जमाफीत अशांना पंचवीस हजारांपर्यंत प्रोत्साहनाची तरतूद करावी लागली, २०१९ च्या योजनेत पन्नास हजारांचं आश्वासन दिलं गेलं, ते या आवाजामुळंच. माझा मित्रही थोरला मुलगाच आहे. आयुष्यभर नेकीनं राहिला, तंबाखूशिवाय व्यसन नाही. त्याचा राग मला कळतो. येशूंनाही कळला असावा, कारण गोष्टीतला बाप थोरल्याला झिडकारत नाही. त्याच्यासाठीही बाहेर येतो, समजूत घालतो, "माझं ते सगळं तुझंच आहे" म्हणतो. थोरला आत गेला की नाही, ते येशूंनी सांगितलंच नाही. गोष्ट अंगणातच संपते.

रडणं आणि वळणं

"माफी मांगा, झाले मोकये" यात 'मांगा' कशाला म्हणायचं, यावर सगळं अडतं. मराठी बायबलात शब्द आहे पश्चात्ताप. त्यामागचा ग्रीक शब्द मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. त्याच्याही मागं हिब्रू शूव आहे, म्हणजे मागं फिरणं. समजा मला यवतमाळला जायचंय आणि मी चुकून दिग्रसच्या एसटीत बसलो. चूक कळल्यावर मी सीटवर बसून ओक्साबोक्शी रडलो, तर कंडक्टर पाणी देईल, पण गाडी दिग्रसलाच जाईल. उतरावं लागेल, रस्ता ओलांडावा लागेल, उलट्या बाजूची गाडी धरावी लागेल.

येशूंच्या दोन शिष्यांत हा फरक दिसतो. यहूदानं तीस नाण्यांसाठी त्यांना धरून दिलं. पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं. दोघांनाही पस्तावा झाला. यहूदानं तर पैसेही परत केले. पण तो एकटाच निघून गेला आणि गळफास घेतला. पेत्र रडला आणि पुन्हा त्यांच्यातच जाऊन बसला, तोंड दाखवायची लाज वाटत असताना. हे मी फार जपून लिहितोय, कारण आमच्या जिल्ह्यात गळफास हा शब्द दाखल्यापुरता राहिलेला नाही. लाजेनं माणूस एकटा पडतो आणि एकटेपणात मरतो, कर्जाच्या लाजेनंही. त्या वेळी कोणीतरी जवळ बसणं हीसुद्धा दयाच असते.

"मग पाप करतच राहावं, म्हणजे कृपा आणखी मिळेल?" हा टोमणाही नवा नाही. इ.स. ५७ च्या सुमारास पौलानं रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात हाच प्रश्न मांडून त्यानं 'कधीच नाही' असं ठणकावलंय. म्हणजे आमची टपरी जवळजवळ दोन हजार वर्षांपासून चालू आहे.

कुंदा

सातबाऱ्यावरचा बोजा एका फेरफारानं उतरतो. वावर मात्र तेच राहतं. कर्ज फिटलं म्हणून पऱ्हाटीतला कुंदा, ते चिवट तण, मरत नाही. ज्यानं कुंदा खणलाय त्याला माहीत आहे, वरून कापला तर आठ दिवसांत पुन्हा उगवतो. मुळी हातभर खाली असते. धर्मशास्त्रात याला दोन नावं आहेत. देवापुढं माणूस नीतिमान ठरणं, हे बोजा उतरण्यासारखं, एका क्षणाचं. आणि पवित्रीकरण, म्हणजे निंदण, डवरण, पुन्हा निंदण, मरेपर्यंत. ज्यांना हा फरक कळत नाही ते दोन चुका करतात. एकतर बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी माणूस देवदूत झाला असं धरून चालतात, नाहीतर तो घसरला की म्हणतात, सगळं ढोंग होतं.

जॉन न्यूटन या इंग्रज खलाशाचं उदाहरण मला यासाठी फार उपयोगी वाटतं, कारण ते गोडगोड नाही. मार्च १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडलेल्या जहाजावर त्यानं देवाचा धावा केला. तो वाचला आणि तो दिवस त्यानं आयुष्यभर पाळला. प्रार्थनासभेत अशा अनुभवांची साक्ष देणारे लोक इथं गोष्ट थांबवतात. पण नंतर काय झालं? नंतर तो आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम म्हणून वाहून नेणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. खाली साखळदंडात माणसं आणि वर कप्तानाची प्रार्थना, असं चाललं. १७५४ मध्ये आजारपणामुळं समुद्र सुटला, पुढं तो पाद्री झाला, कृपेवरचं त्याचं एक गीत आज जगभर गातात. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघड पुस्तिका लिहिली ती १७८८ मध्ये, त्या वादळानंतर चाळीस वर्षांनी, आणि तीत आपल्या हातून झालेल्याची लाज कबूल केली. ब्रिटिश संसदेनं तो व्यापार बंद करण्याचा कायदा केला १८०७ मध्ये, त्याच वर्षाअखेरीस न्यूटन वारला. चाळीस वर्षं. माफी एका रात्रीत मिळाली असेल. डोळे उघडायला चाळीस वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात किती जणांचे हाल झाले याचा हिशेब कुठल्याच साक्षीत येत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंनीही असंच काही प्रांजळपणे लिहून ठेवलंय, पापाच्या नव्हे पण शोधाच्या बाबतीत. बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण धर्म सापडला तरी ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं गेली, असं त्या सांगतात.

पंथांमध्ये यावर मतभेद आहेत, ते थोडक्यात. कॅथलिक माणूस धर्मगुरूपुढं पापाची कबुली देतो, क्षमेचे शब्द ऐकतो आणि सांगितलेलं प्रायश्चित्त करतो. धर्मगुरूला ती कबुली कुठंच उघड करता येत नाही. प्रोटेस्टंटांत थेट देवाजवळ कबुली. उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच जी सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली, ती या दुसऱ्या वाटेची. आमच्या यवतमाळकडचे फ्री मेथडिस्ट आणि वाशिम-बुलडाण्याकडचे नाझरीन हे जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाच्या परंपरेतले. त्यांचा भर पवित्र जीवनावर जास्त, म्हणजे निंदणावर. कृपा आधी की कर्म आधी यावर युरोपात शतकानुशतकं भांडणं झाली आणि १९९९ मध्ये लुथरन व कॅथलिक मंडळ्यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आमच्या गावात या भांडणाची खबरही आली नव्हती, मिटल्याचीही नाही.

माफी कोणाची, भरपाई कोणाची

आता बाकाच्या टोकावरचा माणूस.

तो मोहाची दारू गाळायचा. नाल्याच्या काठी भट्टी होती. विकायचा, त्याहून जास्त प्यायचा. बायकोचं डोरलं गहाण टाकलं ते सुटलं नाही. किराणा दुकानवाल्या विधवा बाईची उधारी बुडवली. मारायचा, ते साऱ्या वस्तीला ऐकू यायचं. अकरा वर्षांपूर्वी तो प्रार्थनासभेला यायला लागला, पुढं बाप्तिस्मा घेतला. गावानं लगेच 'सौ चूहे खाके बिल्ली हज को चली' ही म्हण बाहेर काढली. परवाच्या टोमण्याचा रोखही थोडा त्याच्याकडंच होता.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण प्रार्थनासभांत ती सांगत नाहीत. खूप वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू सोडली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्याला फिट आली होती. भूत उतरतंय म्हणून काहीजण मोठ्यानं प्रार्थना करत बसले. त्याच्या पोरीनं अक्कल चालवून ऑटो बोलावला आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. प्रार्थना गाडीतही करता येते.

क्रुसावरच्या चोराला वेळच नव्हता. येशूंच्या बाजूला टांगलेला तो, आपल्याला योग्यच शिक्षा होतेय असं कबूल करतो आणि 'माझी आठवण ठेवा' एवढंच मागतो. येशू त्याला आजच सुखलोकाचं वचन देतात. वाल्याला वारूळ अंगावर चढेपर्यंत बसायला वेळ मिळाला होता, याला एक दुपारही नाही. पण हेही बघा, त्याला क्रुसावरून खाली कोणी उतरवलं नाही. माफी मिळाली आणि शिक्षाही झाली. आमच्या गावातल्या बौद्ध शेजाऱ्यांना अंगुलिमाल हा दरोडेखोर माहीत आहे. भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारायचे, आणि बुद्ध त्याला म्हणाले, सहन कर. पाप माफ झालं तरी कोर्टातली केस, पोलिसांतली तक्रार, शेजाऱ्याचा अविश्वास हे सगळं जागेवर राहतं. शौल पुढं पौल झाला. पण आधी त्यानं ख्रिस्ती लोकांना घराघरांतून ओढून तुरुंगात टाकलं होतं. तो बदलून यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला भ्यायले. त्यांना कोणी अश्रद्ध म्हटलं नाही. बर्णबा नावाचा एक शिष्य मध्ये पडला, हमी घेतली, तेव्हा कुठं जमलं.

ज्याच्याजवळ वेळ आहे त्यानं मात्र परत करायचं असतं. जक्कय हा जकात गोळा करणारा, लोकांना नाडून गबर झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेले. तो उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं नाडून घेतलं त्याला चौपट. जुन्या नियमशास्त्रात अशा भरपाईला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा सांगितला होता. यानं स्वतःहून चौपट धरलं. येशूंनी जेवायच्या आधी अट घातली नव्हती, हे महत्त्वाचं. आणि जेवणानंतर हिशेब निघाला, हेही.

आमच्या सभांमध्ये मला सर्वांत जास्त चीड येते ती एका वाक्याची: "देवानं त्याला माफ केलं, मग तू कोण?" हे नेहमी मार खाल्लेल्या बाईला ऐकवतात. बाकावरच्या त्या माणसाच्या बायकोलाही ऐकवलं. तिनं दिलेलं उत्तर मी कुठल्याही प्रवचनापेक्षा वरचं मानतो. ती म्हणाली, "देवानं माफ केलं असन. पण डोरलं माह्यं गेलं होतं, देवाचं नाही." तिनं घर सोडलं नाही, पण घरातला पैसा आपल्या हाती घेतला. क्षमा म्हणजे तिजोरीची चावी परत देणं, असं बायबलात कुठं लिहिलेलं नाही.

आता तो आठवडी बाजारात भाजी विकतो. किराणावाल्या बाईची उधारी आठवड्याला पन्नास-शंभर करत फेडली, वर काही दिलं का ते मी विचारलं नाही. मधे दोनदा घसरला, एकदा पोळ्याच्या दिवशी, एकदा भाऊ गेला तेव्हा. बाजार उठला की संध्याकाळी सगळे पैसे बायकोपुढं ठेवतो. ती त्याच्यासमोर मोजते, तो उभा राहतो. मग ती त्याला सकाळच्या चहाचे दहा रुपये देते.

परवा टपरीवर सगळ्यांचा चहा माझ्या मित्रानं पाजला, म्हणून त्याचे दहा रुपये तसेच उरले. काल त्याची बायको सांगत होती, घरी आल्या आल्या त्यानं ते तिच्या हातावर ठेवले.